मागच्या वर्षीचा फोटो

डॉक्टरबाईंनी पडद्यावर एक्स-रेतल्या दोन छात्या शेजारी शेजारी लावल्या. डावीकडची मागच्या वर्षीची, कंपनीच्या तपासणीतली, उजवीकडची आजची. दोन्हींखाली नाव एकच, जयसिंग.

“हे नवं मशीन जुन्या फोटोवर नवा ठेवतं आणि बदललं तेवढंच दाखवतं,” बाई म्हणाल्या. “पण इथं सगळंच बदललंय. मागच्या वर्षी फुप्फुसं लख्ख, आणि आज हे पांढरे ठिपके! वाळूची धूळ आहे ही. एका वर्षात एवढी साचत नाही.”

जयसिंग खोकत राहिला. चाकणच्या फाउंड्रीत पंधरा वर्षं तो ओतीव मालावरची वाळू घासून काढत होता. त्याचा दोस्त चिमाजी त्याच कंपनीत, पण स्टोअरला, पंख्याखाली. आज फाईल धरायला म्हणून सोबत आलेला.

“आणि ही गंमत बघा.” बाईंनी डाव्या फोटोवर पेन टेकवलं. “इथं बरगडी मोडून सांधलेली दिसतेय. आजच्या फोटोत ती धड आहे. अशी खूण कधी पुसली जात नाही.”

चिमाजीचा हात आपसूक सदऱ्यावरून बरगडीकडे गेला. रहाटणीच्या उतारावर स्कूटर घसरली होती, तेव्हाची ती. त्यानं हात खाली घेतला.

दर वर्षी तपासणीची गाडी गेटवर यायची. चेहरा कोण बघतंय? टोकन नंबर सांगायचा, छाती टेकवायची. सहा वर्षांपूर्वी जयसिंगला खोकला लागला, तेव्हा चिमाजीनंच सुचवलं होतं, “टोकन दे इकडं. फोटो खराब आला तर घरी बसवतील राव.” मग दर वर्षी जयसिंगच्या टोकनवर चिमाजीच जायचा. बाहेर जयसिंग वडापाव घेऊन उभा.

“पास झालो का रे?”

“पैकीच्या पैकी!”

“वेळेत कळलं असतं, तर यांना वाळूतून बाहेर काढता आलं असतं,” बाई म्हणाल्या. “जयसिंगराव, खरं सांगा. हा फोटो कुणाचा?”

जयसिंगनं चिमाजीकडे बघितलं नाही. “माझाच, मॅडम. बरगडी... भरून आली असंल.”

एवढ्याशा वाक्याला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

चिमाजीनं फाईल टेबलावर ठेवली. उभा राहून सदऱ्याची बटणं काढू लागला. “मॅडम, माझा फोटो काढा. जुन्यावर ठेवून बघा.”

बाईंनी डाव्या फोटोतल्या बरगडीकडे बघितलं, मग चिमाजीकडे.

“बटणं लाव येड्या,” जयसिंग धापा टाकत म्हणाला. “तू काय, पासच होणार.”