पटावरचं वय

“तक्रार आली आहे,” साहेब म्हणाले. “सखाचं वय दाखल्यावर आहे ते खरं नाही, असं कोणीतरी कळवलंय. त्याचं नाव शाळेत तुम्हीच घातलंत ना?”

“हो,” शालनबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला कप बशीवर ठेवला.

साहेब फुटबॉल संघटनेकडून मुंबईहून आले होते. त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात बँकॉकला पाच-पाच खेळाडूंच्या फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि भारताच्या संघात बारवी धरणाकडच्या वाडीतला सखा निवडला गेला होता. आठवडाभर अंबरनाथ पश्चिमेतले ओळखीचे लोक शालनबाईंना रस्त्यात थांबवून अभिनंदन करत होते. त्यांचा विद्यार्थी ना!

“जे खरं असेल ते सहीनिशी लिहून द्या. मंगळवारी येतो.”

शालनबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. विचारायला तोंड नव्हतं.

तारीख त्यांच्याच अक्षरातली होती. एक जून सत्त्याहत्तर. वाडीतल्या सगळ्याच मुलांचा जन्म त्यांनी एक जूनला लावला होता. नोंद कोणाकडेच नसायची आणि सगळे गुरुजी तसंच करत. त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण त्र्याऐंशीच्या जूनमध्ये शाळेचा पट एकोणीसवर आला. वीस मुलं नसतील तर शाळा बंद आणि बाईंची बदली थेट मोखाड्याला. घरी त्यांचे यजमान दिनानाथ कारखान्यातल्या अपघातानंतर अंथरुणाला खिळलेले. शालनबाई वाडीत गेल्या आणि सखाच्या आईच्या, पुतळीच्या अंगणात खेळणारं साडेचार वर्षांचं पोर हाताला धरून घेऊन आल्या. पटावर सहा पूर्ण लिहिलं. दीड वर्ष वाढवलं.

आता कागदावर सखा सोळा ओलांडून गेला होता. खरं तर त्याला पंधरावं नुकतंच पूर्ण झालं होतं.

तीस वर्षं त्यांनी मुलं स्पर्धांना नेली होती. चौदाखालील, सोळाखालील. तक्रार दर वेळी एकच, की पोरगं मोठं आहे. आणि इथे तर त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला मोठं करून ठेवलं होतं.

वर्तमानपत्रातला संघाचा फोटो त्यांनी पुन्हा पाहिला. बाकीच्यांना चांगल्या मिशा होत्या. सखा त्यांच्या खांद्याला लागत होता. बाईंना राग आला. यांची वयं कोणी तपासली नाहीत!

“दाखला बरोबर आहे, एवढंच लिही,” दिनानाथ पलंगावरून म्हणाले. “निवृत्तीला चार महिने उरलेत. खोटी नोंद म्हणून निलंबित करतील.”

“आणि त्या पोराला काय सांगू?”

दिनानाथांनी मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, “बदली टाळलीस ती माझ्यासाठी. माझं नाव घाल त्यात.”

“तुमचं कशाला? अक्षर माझं आहे.”

रविवारी त्या बदलापूरहून एसटीने वाडीवर गेल्या. पुतळी खळ्यावर भात झोडत होती.

“आता कुणाला धरून नेताव, बाई?” ती हसली. “आमच्यातली पोरं संपली.”

“पुतळे, सखा कधी झाला गं? नक्की सांग.”

“दिवालीत. म्हातारा मेला त्याच साली. तुम्ही नेलात तवा यवढासा व्हता. वर्गात चड्डी वली करून यायचा, नि मी तुम्हाला शिव्या घालायची.” पुतळीचे हात थांबले. “का वो? इमानात बसवतील ना त्याला? वाडीतलं कोण कंदी कल्याणच्या पुढं गेलं नाय.”

शालनबाईंना मान वर करवेना. “माझ्या हातून एक चूक झालीय. ती मी निस्तरते.”

“मंग झालं तर,” पुतळी म्हणाली आणि पुन्हा भात झोडायला लागली. तिचा बाईंवर तेव्हाही विश्वास होता, आताही होता. परतीच्या एसटीत शालनबाईंना त्याचीच जास्त लाज वाटली.

सोमवारी शाळेतून आल्यावर त्या लिहायला बसल्या. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं: ‘माझी बदली होऊ नये म्हणून मी या मुलाची खोटी जन्मतारीख लिहिली. त्याचा जन्म दिवाळी अठ्ठ्याहत्तरचा. यात त्याचा किंवा त्याच्या आईचा काही दोष नाही.’ खाली सही केली.

मंगळवारी साहेबांनी कागद दोनदा वाचला.

“असं लिहून देणारं माणूस मी पाहिलं नाही,” ते हळूच म्हणाले. “खरं सांगू? दाखला बरोबर आहे, एवढंच ऐकायला मी आलो होतो.”

“ते लिहिलं असतं तर मला त्या पोराला तोंड दाखवता आलं नसतं.” दहा वर्षांत पहिल्यांदाच शालनबाईंना मोकळा श्वास घेता आला. “आता जाईल ना सखा?”

साहेबांनी चष्मा काढला.

“बाई, ही मोठ्या माणसांची स्पर्धा आहे. सोळा पूर्ण नसलेल्याला तिथे खेळवत नाहीत. पोरगा लहान आहे, हीच तर तक्रार होती.”