काठाच्या फळ्या
मागच्या दारच्या डेकवरून, म्हणजे लाकडी ओट्यावरून, पडल्यापासून आंधळी आई बाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती. लेकीनं लाकूड-प्लास्टिकच्या कंपोझिट फळ्यांचा नवा डेक करायला घेतला. सुतारकाकांनी तिन्ही मोकळ्या बाजूंना काठाच्या फळ्यांची चौकट बसवली. कोपऱ्यांत नखही शिरेना. "झालं ना, काका?" "थांब, पोरी." त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालू लागले. काठ पायांना कळलाच नाही. लेकीनं ओरडून थांबवलं. "ताईंचे डोळे पायांत आहेत," म्हणत त्यांनी दिवसभर बसवलेली चौकट उचकटली, एकेक फळी उलटी करून खाली गेलेली खाचांची बाजू वर आणली आणि सांधे पुन्हा चोख जुळवले. सकाळी आई उंबऱ्यात घुटमळली. "ताई, पायाला खाचा लागल्या की थांबायचं," काका म्हणाले. ती एकटीच निघाली, काठावर अचूक थबकली आणि हसली. "खुर्ची इथंच आण गं. ऊन किती छान लागतंय तोंडावर."