अकरावीचा फॉर्म

"आर्ट्स टाक, सत्यम. डोळे झाकून टाक," रविकिरण म्हणाला.

औशाच्या बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेत लोकांचे फॉर्म भरून देणाऱ्या सत्यमचं बोट कीबोर्डवर थबकलं. पंच्याण्णव टक्केवाली पोरगी आर्ट्सला? फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. रविकिरण खुर्ची अडवून बसलेला, त्याची लेक अक्षरा शेजारी उभी. मागच्या बाकड्यावर त्याचे वडील, चन्नबसप्पा आप्पा, पेपर वाचायचं सोंग घेऊन बसले होते.

रविकिरणचा निश्चय जुना. एकेकाळी त्याची बोटं तबल्यावर चालायची. पण आप्पांच्या हट्टापायी त्यानं सायन्स घेतलं, फिजिक्सनं त्याला दोनदा आपटलं अन् शेवटी तो पाइपाच्या दुकानात बसला. लेक झाली त्याच दिवशी त्यानं ठरवलं, हिच्यावर कुणी जबरदस्ती करायची नाही. पोरगी सारखी चित्रं काढते ना, मग चित्रंच काढू दे. जग गेलं उडत.

"पप्पा, मला सायन्स घ्यायचंय," अक्षरा म्हणाली.

"मैत्रिणींच्या नादानं बोलायलीस तू. तुझी आवड मला ठाऊक हाय." त्यानं पिशवीतून तिची चित्रांची वही काढून सत्यमपुढं ठेवली. "बघ. हात बघ पोरीचा."

सत्यमनं पानं उलटली. "अण्णा, हे तर बेडकाचं काळीज हाय. ही किडनी. हे डोळ्याच्या आतलं."

"तेच की. किती सुबक काढलंय."

"पप्पा, ते आत कसं चालतं ते मला शिकायचंय," अक्षरा म्हणाली. "ध्यानात राहावं म्हणून काढते मी."

रविकिरण गडबडला. सोळा वर्षं जपलेला निश्चय डोळ्यांदेखत ढासळायला लागला की माणूस चिडतोच.

"तुला अजून समजत न्हाई, बाई. लई भोगलंय मी. तुझ्या भल्यासाठीच सांगायलोय."

मागं पेपर खसखसला. आप्पा पेपराआड तोंड लपवून हसत होते, खांदे गदगदा हलत होते.

"काय झालं, आप्पा?"

"काही न्हाई रं. तुझ्या फॉर्मच्या दिवशी मीबी हेच बोललो व्हतो." आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "फकस्त शाखा तेवढी दुसरी व्हती."

रविकिरण बापाकडं बघतच राहिला. मग त्यालाही हसू फुटलं. तो खुर्चीवरून उठला अन् लेकीला म्हणाला, "बस. तूच सांग त्याला."