लेआऊटची हरकत

“आमचा गरिबांना विरोध नाही, मॅडम. आमचा प्रश्न झाडांचा आहे,” केशवराव गिरडकर म्हणाले आणि लेआऊटच्या लोकांनी माना डोलावल्या.

सुनावणीचा हॉल भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर लेआऊटमधली, प्लॉट पाडून वसवलेल्या त्या कॉलनीतली मंडळी होती. मागच्या बाकांवर सरकारी सोडतीत घरं लागलेली माणसं बसली होती. लेआऊटच्या टोकाला, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशा मोकळ्या जागेवर, त्यांच्यासाठी चार मजली इमारती व्हायच्या होत्या. त्याआधी शेजाऱ्यांच्या हरकती ऐकून घ्यायच्या होत्या.

केशवराव छान बोलत होते. सारी नोकरी सरकारी टिपण्या लिहिण्यात गेलेली, त्यामुळे शब्द कुठे अडत नव्हता. जागेवरचे कडुनिंब, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी, गटारांवरचा ताण. त्यांच्या स्वतःच्या अंगणातलं जांभळाचं झाड त्यांनी गाडी ठेवायला तोडलं होतं आणि तिथे फरशी घातली होती, पण ते इथे कोण काढणार? लेआऊटच्या एकाही बैठकीला न येणारा हा माणूस दिवाळीत एकाएकी दारोदार हरकतीवर सह्या मागत फिरला, याचंच सगळ्यांना कौतुक होतं.

“शिवाय कुठली कुठली माणसं येतील,” ते शेवटी म्हणाले. “त्यांची राहणी वेगळी. आमच्या लेकीसुनांनी संध्याकाळी फिरायला निघायचं कसं?”

हे बोलताना त्यांनी मागे पाहिलं नाही. हॉलमध्ये आल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

सुनावणी घेणाऱ्या बाई वयानं लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. “झाडं आहेत तिथेच राहतील,” त्या म्हणाल्या. “छतावरचं पाणी जमिनीत मुरवणार आहोत. याआधी शहराबाहेर लांब घरं दिली होती. तिकडे काम नाही, यायला-जायला साधन नाही. लोक घरांना कुलूप लावून पुन्हा नाल्याकाठच्या वस्तीत आले. म्हणून ही जागा निवडली. मागे कोणाला काही बोलायचं आहे?”

मागच्या बाकावरून एक माणूस उठला. पन्नाशी उलटलेला, किरकोळ अंगाचा. कामावरून तसाच आला असावा, मापाची फीत गळ्यातच राहिली होती.

“मी इतवारीच्या बाजारात कपडे शिवतो, मॅडम. आमची खोली नाल्याले लागून आहे. जोराचा पाऊस आला का पाणी आत येते. मशीन पलंगावर चढवा लागते. या घरातून मले मेट्रोनं दुकानात जाता येईन.” तो थांबला. “बाकी हे साहेब झाडाचं म्हणतात ते बरोबर आहे. झाडं आम्हालेही पाहिजेत.”

“नाव काय तुमचं?”

“मधुकर गिरडकर.”

बाईंनी मान वर केली. “गिरडकर? हरकत घेणारेही गिरडकरच आहेत. नातं आहे का काही?”

प्रश्न केशवरावांकडे बघून विचारला होता. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. शेजारच्या चारुलताबाई हसल्या. केशवरावांनी पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. एक शब्द बोलायचा होता. तीस वर्षांत लेआऊटमधल्या कोणापाशी तो त्यांनी उच्चारला नव्हता. भिवापूरकडच्या शेतीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, मुलीच्या नोकरीच्या सांगितल्या होत्या.

मधुकरनं त्यांच्याकडे पाहिलं. एकदाच.

“नाही, मॅडम,” तो म्हणाला. “आडनाव तेवढं सारखं आहे.”

आणि तो खाली बसला.

केशवरावांना आधी हायसं वाटलं. खरंच वाटलं. चारुलताबाई कानाशी येऊन म्हणाल्या, “बाई गं, मला क्षणभर धडकीच भरली होती.” त्यांच्याकडे बघून ते हसलेसुद्धा. मग हसता हसता त्यांची नजर मागे गेली.

मधुकरच्या शेजारी त्याची बायको प्रेमिला बसली होती. केशवराव बोलायला उभे राहिले तेव्हापासून ती डोक्यावर पदर घेऊन बसली असणार. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, ती कधी उघड्या डोक्यानं आली नव्हती. आता ती नवऱ्याकडे बघत होती. मग तिनं हळूच डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि सरळ केशवरावांकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. त्या नजरेत राग असता तर त्यांना सोसला असता.

त्यांचे कान तापले. अंगातला इस्त्रीचा शर्ट नकोसा झाला. बाईंनी पुढचं नाव पुकारलं होतं. लेआऊटमधलं कोणीतरी उठत होतं.

“थांबा,” केशवराव म्हणाले.

ते उभे राहिले. टिपणीतली भाषा कुठे गेली कोणास ठाऊक.

“तो खोटं बोलून राहिला, मॅडम. माझ्यासाठी बोलून राहिला. सख्खा पाठचा भाऊ आहे माझा.”

चारुलताबाईंनी खुर्ची जराशी बाजूला ओढली. बाई सावकाश म्हणाल्या, “म्हणजे यांना इथे घर लागलंय, हे तुम्हाला आज कळलं?”

इथे हो म्हणता आलं असतं. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. केशवरावांनी नकारार्थी मान हलवली.

“दिवाळीत त्याले घर लागलं, तर पहिला पेढा त्यानं मलेच आणून दिला. अन् दुसऱ्या दिवशी मी सह्या घ्याले निघालो.”