झांजेची उंची

मुलाखत घ्यायला आलेल्या दाढीवाल्याने खिशातून टेप काढला आणि ड्रमसेटच्या उजवीकडच्या मोठ्या झांजेपासून जमिनीपर्यंत सोडला.

"एकोणतीस इंच," तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला. "बाकीचे ड्रमर ही सिम्बल छातीशी लावतात. सरांची बघा, जवळजवळ मांडीला टेकलीये."

कोपऱ्यातल्या खुर्चीत ड्रमरचा म्हातारा बाप सावरून बसला. मुलाखतीत घरच्यांचे दोन शब्द हवेत म्हणून मुलाने त्याला इस्त्रीचा शर्ट घालून इथे आणून बसवलं होतं. तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. आज ना उद्या कुणीतरी हे विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. ते कॅमेऱ्यासमोर विचारू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

दाढीवाल्याचं कौतुक काही आवरत नव्हतं. ड्रमची लाकडं कुठली, कातडं कुठलं, पेडलांना तेल कुठलं, सगळं विचारून झालं. गालिच्यावरच्या पांढऱ्या खुणांचेही त्याने फोटो काढले. त्या खुणांमुळे कुठल्याही गावी गेलं तरी प्रत्येक स्टँड ठरल्या जागीच उभा राहायचा. "एका माणसात चार ड्रमर आहेत," तो दर पाच मिनिटांनी म्हणत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मघाशी मुलाने तारांचे ब्रश घेऊन इतकं हळू वाजवलं की शेजारी कुणी अंगण झाडतंय असं वाटावं. मग काठ्या उचलून रॉकचा असा दणका दिला की खिडकीची तावदानं थरथरली. दोन्ही पाय दोन पेडलांवर, डावा हात सगळीकडे धावणारा, आणि उजवा कोपर बरगड्यांना चिकटलेला, फक्त मनगट नाचणारं. म्हाताऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याचा ऊर भरून आला होता. आणि ऊर भरून यायचा आपल्याला काय अधिकार, हेही त्याला लगेच आठवलं होतं.

"हा टॉवेल कशाला, सर?" दाढीवाल्याने स्टँडला अडकवलेला जुना टॉवेल उचलला.

"ड्रमवर टाकायला. आवाज दबतो," मुलगा म्हणाला. "लहानपणची सवय. मी डब्यांवर वाजवायचो, आणि घरी दुपारी झोपलेलं असायचं कुणीतरी."

ते कुणीतरी म्हणजे म्हाताराच. छापखान्यात रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. चौदा वर्षांचं पोर डब्यांवर टॉवेल टाकून वाजवायचं. एके दिवशी टॉवेल टाकायचं विसरलं. म्हातारा उठला, डब्यांखालचं लाकडी स्टूल ओढलं आणि पोराच्या उजव्या खांद्यावर घातलं. हाड मोडलं, वाकडं जुळलं, आणि तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. डॉक्टरांना काय सांगायचं, ते त्यानेच पोराला पढवलं होतं.

"आता मुख्य प्रश्न," दाढीवाला म्हणाला. "ही सिम्बल एवढी खाली का, सर? तुमचं बघून निम्मी पोरं अशीच लावायला लागलीत. मी स्वतः घरी मोजून एकोणतीस इंचांवर लावलीये. पाठीचा पार भुगा होतो, पण लावलीये."

कॅमेऱ्यामागची मुलगी हसली. ड्रमर हसला नाही. त्याने काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या.

"बाबांना विचारा," तो म्हणाला. "त्यांना माहितीये."

आवाजात राग नव्हता. राग असता तर म्हाताऱ्याला सोपं गेलं असतं. कॅमेरा त्याच्याकडे वळला. मुलगाही त्याच्याकडेच बघत होता, प्रगतिपुस्तकावर सही मागायला आल्यासारखा. इतक्या वर्षांत त्याने एकदाही हा विषय काढला नव्हता. आज काढला, आणि बोलायचं बापावर सोडून दिलं. मी मारलं. दोनच शब्द लागणार होते.

म्हाताऱ्याने घसा खाकरला. कॉलरला लावलेला माईक त्याला टोचत होता.

"लहानपणी जिन्यावरून पडला होता," तो म्हणाला. "खांदा मोडला. तेव्हापासून हात वर जात नाही त्याचा."

मुलाने मान हलवली. डॉक्टरांसमोर हलवली होती तशीच.

"हो," तो म्हणाला. "जिन्यावरून."

"काटा आला बघा अंगावर," दाढीवाला म्हणाला. "म्हणजे त्या जिन्याचे उपकारच म्हणायचे. आणि काका, तुम्ही काय काय केलं असेल ह्यांच्यासाठी, त्याची कल्पनाच केलेली बरी. एक फोटो हवाच. सरांच्या मागे उभे राहा. खांद्यावर हात ठेवा. उजव्या हं. म्हणजे सिम्बलसुद्धा येईल."

म्हातारा खुर्चीचा दांडा धरून उठला. मुलाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने खांद्याच्या अगदी कडेला, शर्टाला लागेल न लागेल असा हात ठेवला. मुलाने डाव्या हाताने तो उचलला आणि चार बोटं आत, मानेच्या बाजूला नेऊन ठेवला. पातळ शर्टाखाली हाडाची गाठ वर आली होती. तीस वर्षांत म्हाताऱ्याने तिला कधी हात लावला नव्हता.

"इथं," मुलगा कॅमेऱ्याकडे बघतच हळू आवाजात म्हणाला. "आणि आपण तळमजल्यावर राहायचो, बाबा."

"मस्त," दाढीवाला म्हणाला. "काका, हलू नका. हात तसाच राहू द्या."