खुर्चीतले पप्पा

“आमदारसाहेब, आमची पाच वाजताची एसटी का बंद झाली?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मैथिलीने टीव्हीवरच्या निवडणूक-चर्चेत हनुवटी वर करून खणखणीत आवाजात विचारलंच. समोरच्या खुर्चीत आमदार खैरमोडे बसले होते, म्हणजे त्यांची प्रकाशातून उभी केलेली हुबेहूब प्रतिकृती. खरे पुढारी चर्चेला यायचे बंद होऊन दहा वर्षं झाली होती.

“छान प्रश्न, बाळा! नाव काय तुझं?” प्रतिकृती गोड हसली.

सगळं सभागृह खदखदून हसलं. मैथिली खैरमोडे मात्र खाली बसली. तेच डोळे, तोच आवाज, आणि ओळख नाही!

घरी खरे पप्पा सोफ्यावर शेंगदाणे खात होते. “अगं, घरच्यांची माहिती त्यात घातलीच नव्हती,” ते ओशाळून म्हणाले. “पण पुढे उत्तर झकास दिलं ना त्याने?”

“त्याचं राहू द्या, तुम्ही सांगा. एसटी गेली म्हणून माझ्या मैत्रिणीला, फरझानाला, घरच्यांनी शाळेतून काढलं, पप्पा.”

पप्पांनी टीव्हीकडे पाहिलं, जणू तिथला कुणी सांगेल. मग हळूच म्हणाले, “एसटी बंद झाली हेच मला माहीत नव्हतं गं.”

“हे बाहेर बोलायचं नाही हं,” आई घाईने म्हणाली. “मतदान आठवड्यावर आलंय.”

रागवायचं ठरवून आलेल्या मैथिलीला पप्पांकडे बघवेना.

“आई, पप्पा, पप्पांना माहीतच नव्हतं, हे मी उद्या फरझानाच्या घरी जाऊन सांगणार आहे. पप्पा, तुम्ही बरोबर आलात, तर तुम्हीच सांगा.”