कापडपेठेतला रविवार

"बघतोच, कोण बंद करतंय आमची कापडपेठ!" त्र्यंबकशेठ कोठावळे जेवता जेवता गरजले. पेठ बंद करायचा घाट जिनं घातला होता, तिनंच त्यांना ताक वाढलं. ती त्यांची सून शलाका, महापालिकेच्या वाहतूक नियोजनाची प्रमुख.

एक रविवार पेठेत गाड्या येऊ द्यायच्या नाहीत, एवढाच तिचा प्रयोग होता. पण व्यापारी संघाचे अध्यक्ष, म्हणजे सासरेच, घरात बसले होते. संघानं तक्रार केली की योजना बारगळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी दुपारी ती पेठेत शिरली. दुकानात सासरे नव्हतेच. "शेठ समोर गेलेत," नोकर म्हणाला.

समोर हुसेनभाई अत्तरवाल्यांचं दुकान. दोघं बालमित्र, पण मधला गाड्यांचा लोंढा ओलांडवत नाही, म्हणून कित्येक वर्षं लांबूनच हात हलवत आलेले. आज ते भर रस्त्यात कॅरम मांडून राणी कुणाची यावरून पोरांसारखे भांडत होते. गिऱ्हाईक आलंय, असं सांगायला गेलेल्या नोकराला शेठनी न बघताच पिटाळून लावलं.

संध्याकाळी शलाकानं भीत भीत विचारलं, "बाबा, महापालिकेला काय कळवणार?"

"प्रयोग साफ फसला म्हणून." शेठनी भाकरी मोडली. "अगं, एका रविवारात काय समजतं माणसाला? निदान वर्षभर तरी चालवून बघा. तोवर आमचा विरोध कायम!"